कातरीचं पाणी

निवृत्तीनंतरच्या दुसऱ्याच आठवड्यात मी बायकोला सांगितलं, की मागच्या कडब्याच्या शेडमध्ये मी लोखंडाच्या कामाचं वर्कशॉप काढणार आहे. ती शेंगा फोडत बसली होती. मान वर न करता तिनं विचारलं, "कुणासाठी?"

"माझ्यासाठीच."

"मग हरकत नाही. गिऱ्हाइकाला तरी त्रास नको."

मी अणदूरजवळच्या एका शाळेत तीसेक वर्षं गणित शिकवलं. आमचं घर मूळचं मेंढरं राखणाऱ्यांचं. भावकीत प्रत्येकाच्या हाताला काही ना काही येतं. कुणी कुऱ्हाडीला दांडा बसवतो, कुणी लोकर पिंजतो, कुणी नुसत्या चाकूनं लाकडाची घंटा कोरतो. मला कंपास न घेता फळ्यावर गोल वर्तुळ काढता येतं. त्याचं मला फार कौतुक होतं, घरात कुणालाच नव्हतं. खडू सुटल्यावर हाताला काहीतरी जड धरायला हवं, असं मला फार वाटायला लागलं.

माझ्या स्वभावातली एक गोष्ट आधीच सांगून टाकतो, कारण पुढचा सगळा घोळ तिच्यामुळे झाला. मला चूक कबूल करता येत नाही. फळ्यावर माझं गणित चुकलं आणि वर्गातल्या कुणी हात वर केला, की मी खडू झटकून म्हणायचो, "शाबास. बघत होतो, कुणाचं ध्यान आहे का." तीस वर्षं हे खपलं. घरी मात्र एकदाही खपलं नाही.

तर बायकोनं वर्कशॉपला परवानगी दिली, पण तिच्या कायद्यासकट. पेन्शनीला हात लावायचा नाही. नवं कोरं काही आणायचं नाही. आणि घरात एक वस्तू आली की एक बाहेर गेली पाहिजे. कोणती जाणार, ते ती ठरवणार.

पहिली आली ऐरण. खरी ऐरण मिळणं आणि परवडणं दोन्ही अवघड. पण आमच्या गावावरून हायवे जातो आणि हायवेवर ट्रक मोडतात. एका गॅरेजच्या मागं मोडक्या अ‍ॅक्सलचा तुकडा पडलेला होता, एका टोकाला ताटलीसारखा पसरट. गॅरेजवाला माझाच विद्यार्थी निघाला. "सर, तुम्ही मला नापास केलं होतं," तो म्हणाला, आणि तुकडा फुकट देऊन टाकला. रागानं दिला की प्रेमानं, हे मी विचारलं नाही. ताटली वर ठेवून मी तो बाभळीच्या ओंडक्यात रोवला. हातोडा मारला की असा टण्ण वाजायचा, की शेजारची कोंबडी उडायची. त्याच्या बदल्यात माझी जुन्या पेपरांची ट्रंक गेली.

मग नळदुर्गच्या बाजारात शिकंजा मिळाला. लोखंडाचा तुकडा दोन जबड्यांत पक्का आवळून धरायचं ते यंत्र. एका जबड्याचा टवका उडालेला होता, म्हणून तो भंगाराच्या भावात आला. शिकंजा आत आला आणि माझी आरामखुर्ची बाहेर गेली. ज्या खुर्चीत बसून मी निवृत्त व्हायचं ठरवलं होतं, ती चुलतभावाच्या ओसरीवर गेली. तो तीत बसून मला हात करायचा.

बोथट, गंजक्या कानशींचा एक जुडगा एका सुतारानं दिला. बायकोनं त्या चिंचेच्या पाण्यात भिजवून ठेवायला सांगितल्या. गंज निघाला, दातही जरा जागे झाले. या खेपेला काहीच बाहेर गेलं नाही, कारण चिंच तिची होती. भट्टी तर जवळजवळ तिनंच केली. मी फुटकं घमेलं आणून त्यात माती थापत होतो आणि ती वाळली की पापुद्र्यानं गळून पडत होती. तिनं दोन दिवस ते पाहिलं. तिसऱ्या दिवशी वारुळाची माती आणली, शेण आणि भुस्सा घालून मळली, रात्रभर मुरत ठेवली आणि सकाळी अशी लिंपली, की घमेल्याचं पक्कं चूलवण झालं. वारा घालायला चहाच्या टपरीवरचा जुना, हातानं फिरवायचा पंखा मिळाला. त्याच्या बदल्यात माझा शाळेतला कंपास चुलतभावाकडं गेला. शेजारणीच्या बंद पडलेल्या वॉशिंग मशीनची मोटर काढून मी तिला धार लावायचा दगड जोडला. तो दगड तेवढा नवा कोरा घेतला होता. डब्याच्या पिशवीत, भाकरीखाली लपवून आणला. म्हाताऱ्या माणसानं आपल्याच घरात चोरून दगड आणावा, यात काय सुख आहे ते आणल्याशिवाय कळत नाही.

सगळं मांडून झालं तेव्हा माझे वडील शेड बघायला आले. आम्ही त्यांना आबा म्हणतो. नव्वदीला टेकलेत. आता मेंढरं डझनभरच उरलीत आणि ती चुलतभाऊ चारायला नेतो. पण वर्षातून दोनदा लोकर कातरायची ती आबांनीच. बाकी सगळी कामं एकेक करून त्यांच्या हातातून गेली. कातरणी तेवढी राहिली. तिचा दिवस जवळ आला की ते लवकर उठतात, दाढी करतात आणि कुणाशीही नीट बोलतात.

आबा ओंडक्याशेजारी बसले. एकेका वस्तूवरून त्यांनी नजर फिरवली.

"समदं बेस हाय," ते म्हणाले. "आता ह्यात करनार काय?"

त्यांनी सहज विचारलं, पण मला ते झोंबलं. दोन महिने मी वर्कशॉप जमवत होतो आणि तोवर त्यात खिळासुद्धा केला नव्हता. मग मी ठरवलं, की आबांची कातर चकचकीत करून द्यायची.

ही कातर म्हणजे शिंप्याची कात्री नव्हे. हातभर लांब, दोन रुंद पाती, मधे एक खिळा. आबांच्या तरुणपणी एका फिरत्या लोहारानं ती बनवून दिली होती. तिला आबांशिवाय कुणी हात लावत नसे. फक्त खंडेनवमीला, म्हणजे दसऱ्याच्या आदल्या दिवशी, घरातली सगळी हत्यारं पाटावर मांडून पुजतो, तेव्हा ती घासूनपुसून ठेवायचं काम माझ्याकडं असतं. ती संधी मी साधली. आबा पारावर गेले होते. मी मोटर सुरू केली आणि पातं दगडाला लावलं.

काय ठिणग्या उडाल्या. मी दाबत गेलो. पात्याच्या कडेला आधी पिवळी, मग जांभळी आणि मग निळी झाक आली, मोराच्या गळ्यावर असते तशी. मला वाटलं, लोखंडाचं खरं तेज आज बाहेर आलं. बायकोलाही बोलावून दाखवलं. "रंग सुरेख आहे," ती म्हणाली, "पण धारेला रंग कशाला?" मी म्हणालो, तुला यातलं काही कळत नाही.

खंडेनवमीला पाटावर कातर मधोमध ठेवली. एका बाजूला शिकंजा, दुसऱ्या बाजूला हातोडे, विळे, कुऱ्हाड, बायकोची विळी आणि माझा चुलतभावाकडून परत मागून आणलेला कंपास. हळदकुंकू लागलं, झेंडू वाहिला. आबा कातरीकडं एकटक बघत होते. त्यांची बोटं चाळवत होती. पण त्या दिवशी हत्याराला विश्रांती. आमच्याकडं ते उचलत नाहीत. त्यांनी हात जोडले आणि म्हणाले, "चमकतीया लई." मला तेवढ्यानं आभाळ ठेंगणं झालं.

दसऱ्यानंतर दोन दिवसांनी कातरणीला सुरुवात झाली. आबांनी पहिली मेंढी मांडीशी घेतली, पोटाखाली कातर घातली आणि दाबली. लोकर कापलीच नाही. ती दोन पात्यांच्या मधे दुमडून बसली. पुन्हा दाबली, पुन्हा तेच. मेंढीनं मान वळवून आबांकडं पाहिलं. आबांनी पातं उन्हात तिरकं धरलं, अंगठ्याच्या नखावर घासलं.

"निळं झालंय," ते म्हणाले. "पानी गेलं हिचं."

लोखंड तापवून पाण्यात बुडवलं की ते कठीण होतं. त्या कठीणपणाला आमच्याकडं पाणी म्हणतात. पाणी असेल तर धार टिकते. मी दगडावर दाबून दाबून पातं इतकं तापवलं होतं, की ते मऊ पडलं होतं. त्या क्षणी मला हे सगळं कळलं. आणि मी काय बोललो?

"लोखंडच जुनं झालंय, आबा."

आबांनी मेंढी सोडली, कातर धडप्यात गुंडाळली. चुलतभाऊ म्हणाला, काळजी नको, माकणीकडचे कातरणारे आपली मशीन घेऊन येतात, एका सकाळीत उरकतील. तेव्हा आबा म्हणाले, "दुसऱ्याच्या हातानं कातरायची, तर मेंढरं ठिवायची कशाला? दिवाळी झाली की इकून टाका." चुलतभावानं त्याच संध्याकाळी एका व्यापाऱ्याला निरोप धाडला.

त्यानंतरचे दिवस फार वाईट गेले. आबा जेवायचे, पारावर जायचे, परत यायचे. दाढी वाढली. मी शेडकडं फिरकलो नाही. बायको मला काही बोलली नाही, आणि ती बोलत नाही तेव्हा मला फार भीती वाटते. शेवटी तिनंच खबर आणली, की बसस्टँडच्या पलीकडं माळावर घिसाड्याचं एक बिऱ्हाड उतरलंय. पेरणीच्या तोंडावर ते गावोगाव फिरून फाळ, कुदळी, विळे ठोकून देतात. "धडपा घ्या आणि जा," ती म्हणाली.

कडुनिंबाखाली भट्टी पेटलेली होती. नवरा सांडशीत तापलेला फाळ धरून बसला होता आणि बायको घण मारत होती. त्या लोकांत हीच रीत. धरणारा तो, मारणारी ती. घण तिच्या डोक्यावरून यायचा आणि नवऱ्याच्या बोटांपासून वीतभर अंतरावर बरोबर पडायचा. त्याची पापणीही हलत नव्हती.

मी कातर पुढं केली. त्यानं पात्यावर कानस ओढली. कानस लोण्यात शिरावी तशी शिरली. त्यानं पातं बायकोच्या हातात दिलं.

"कुनी केलं ह्ये?" तिनं विचारलं.

"आहे गावातला एक जण," मी म्हणालो.

ती माझ्याकडं बघत राहिली. मग म्हणाली, "मास्तर, सदऱ्याला भोकं कशानं पडली?"

मी खाली पाहिलं. ठिणग्यांनी पोटावर चाळणी झाली होती. तिथं फाळ घेऊन बसलेले पाचसहा शेतकरी होते, त्यातले दोघं माझेच विद्यार्थी. मी म्हणालो, "मीच केलं. चुकलं माझं." आयुष्यात पहिल्यांदा म्हणालो. आभाळ काही कोसळलं नाही. उलट एकानं सरकून मला बसायला जागा दिली.

"मागची बाजू जाड हाय," नवरा म्हणाला. "तिच्यातलं लोखंड ठोकून खाली वढलं, तर नवी धार निघंल. मग पानी द्याचं."

"कधी द्याल करून?"

"आमी कशाला?" ती म्हणाली. "तुमच्यात भट्टी हाय म्हनं. ज्यानं पानी घालवलं त्यानंच द्यावं. न्हायतर पुन्ना घालवंल."

दुसऱ्या दिवशी दुपारी दोघं आले. वर्कशॉपची तपासणी झाली. ऐरणीवर त्यानं बोटानं टिचकी मारली आणि मान डोलावली. भट्टीच्या लिंपणावर तिनं हात फिरवून विचारलं, कुणी केलं. शिकंज्याकडं त्यानं बराच वेळ पाहिलं आणि म्हणाला, "ह्ये काय कामाचं?" मोटरीवरच्या दगडाकडं दोघांनीही पाहिलं नाही. मग तिनं शेडभर नजर फिरवून विचारलं, "घण कोन मारनार?"

ते माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी म्हणालो, एका हातानं धरीन, दुसऱ्यानं मारीन. ती हसली. "एकट्याची भट्टी नसती, मास्तर."

माझी बायको चहा घेऊन दारात उभी होती. तिनं ट्रे कोळशाच्या पोत्यावर ठेवला, पदर खोचला आणि त्या बाईच्या हातातला घण घेतला. तो उचलून तिनं वजन पाहिलं, मडकं घेताना पाहते तसं.

"अगं, तुला जमणार नाही," मी म्हणालो.

"अहो, तुम्ही धरा नीट," ती म्हणाली.

त्या बाईनं तिला पाय कसे रोवायचे ते दाखवलं. घणाकडं बघायचं नाही, जिथं मारायचं तिथं बघायचं, एवढंच सांगितलं. मी लाल झालेलं पातं सांडशीत धरून ऐरणीवर टेकवलं. छत्तीस वर्षांचा संसार, त्यातली सगळी उणीदुणी, आणि समोर बायको घण उगारून उभी. पहिला घाव बाभळीच्या ओंडक्यावर पडला. दुसरा माझ्या सांडशीवर. मी डोळे मिटले होते, म्हणून सगळे मलाच ओरडले. तिसरा बरोबर बसला. मग मी छोट्या हातोडीनं जागा दाखवायची आणि तिनं तिथं घाव घालायचा, असं सुरू झालं. टिक् टण्ण, टिक् टण्ण. बाहेर खाटेवर आबा येऊन बसले होते. ते आत आले नाहीत, पण त्यांची काठी जमिनीवर त्याच ठेक्यात पडत होती.

चौथ्या तापावर एकेका पात्याची कड पातळ होऊन खाली उतरली. मी ती कानशीनं सरळ केली, हातानं, दगड न लावता. आता पाणी द्यायचं होतं. ते चुकलं तर पातं तडकतं, आणि तडकलं की संपलं. अंधारात रंग नीट दिसावा म्हणून दारावर पोतं टांगलं. मेंढरांच्या पाण्याची दगडी डोणी आत ओढून आणली. पाणी उन्हानं कोमट झालेलं, तसंच हवं, घिसाडी म्हणाला. पातं आधी काळपट लाल, मग उगवतीच्या सूर्यासारखं झालं. "आता," तो म्हणाला. "उभं. आडवं घालू नगा." मी उभं बुडवलं. फस्स झालं. आम्ही सगळे कान लावून बसलो, टिच् असा आवाज येतो का. नाही आला. दुसऱ्या पात्यालाही नाही आला. कानस ओढून पाहिली, ती घसरली.

पण तेवढ्यावर सोडलं तर ते काचेसारखं मोडतं. म्हणून मग तापल्या लोखंडावर पात्याची पाठ टेकवून कडेचा रंग बघत बसायचं. वाळल्या कडब्याचा रंग आला की लगेच उचलायचं. त्याच्या पुढं जांभळा, त्याच्या पुढं निळा. निळा मला चांगलाच पाठ होता. मी कडब्याच्या रंगाला उचललं.

जाताना त्या दोघांनी मजुरीची ज्वारी घेतली आणि त्या बाईनं तिच्याजवळचा जुना, हलका घण बायकोला देऊन टाकला. घण घरात आला, म्हणजे काहीतरी बाहेर जायला हवं होतं. बायकोनं दगडासकट ती मोटर उचलून अंगणात ठेवली. दगड नवा कोरा आहे, हे तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं असं तेव्हा कळलं. मी एका शब्दानं वाद घातला नाही.

संध्याकाळी मी कातरीला खिळा बसवून आबांपुढं ठेवली. "आबा, लोखंड जुनं नव्हतं. मी जाळलं होतं."

"हं," आबा म्हणाले. आणि पातं नखावर घासून पाहत राहिले.

दुसऱ्या दिवशी मी उठलो तेव्हा आबांची दाढी झालेली होती. अंगणात धडपा अंथरून ते बसले होते आणि चुलतभाऊ पहिली मेंढी घेऊन उभा होता. आबांनी पोटाखाली कातर घातली. कर्र असा आवाज आला. लोकर अखंड सुटत गेली, घडी उलगडावी तशी. मधे एकदाही ते थांबले नाहीत. मेंढी उघडी होऊन उठली, अंग झटकलं आणि डोणीकडं गेली. मला इतका आनंद झाला, की काय करावं कळेना. म्हणून मी उगाच लोकर गोळा करायला लागलो.

चुलतभाऊ डोकं खाजवत म्हणाला, "आबा, त्यो येपारी परवा मेंढरं बघायला येनार हाय. त्याला काय सांगू?"

"कसला येपारी?"

"आवं, तुमीच म्हनला व्हता. इकून टाका म्हनून."

आबांनी कातरीवरचे केस फुंकरीनं उडवले.

"म्या व्हय? त्ये म्या बघत व्हतो," ते म्हणाले, "कुनाचं ध्यान हाय का."

मी लोकर हातात धरून तसाच उभा राहिलो. दारात बायको पदर तोंडाला लावून भिंतीला टेकली आणि हसता हसता खाली बसली. आबांनी तिच्याकडं पाहिलं नाही. ते माझ्याकडं बघून म्हणाले, "हुबा काय ऱ्हायलास? दुसरी आन."

मी दुसरी मेंढी आणायला धावलो.